दम म्हणजे रक्त

रोज सकाळी वॉर्डात आल्यावर शरीफा आधी संगणकाकडे जायची नाही. एकेका खाटेपाशी थांबायची, पेशंटचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरायची आणि नखावर हलकेच दाबायची. नख पांढरं पडायचं. बोट उचललं की त्यात रंग परत यायचा. तो कसा येतो, झरकन की आळसावून, गुलाबी की नुसता पिवळट, हे बघत ती मनात एक आकडा धरायची. याचं हिमोग्लोबिन अकराच्या आसपास. याचं नऊसुद्धा नसेल. सगळ्या खाटा फिरून झाल्या की मग टेबलाशी बसायची, पहाटे काढलेल्या रक्ताचे रिपोर्ट उघडायची आणि आपला आकडा किती चुकला ते पाहायची. फार चुकायचा नाही. अगदी बरोबर आला तर ती कोणाला सांगायची नाही, फक्त त्या दिवशी चहात साखर थोडी जास्त टाकायची.

फहादला मात्र हे ठाऊक होतं. फहाद इथलाच, सौदीतल्या जिझानचा, खाली इमर्जन्सीत काम करणारा तरुण नर्स, कामाला चटपटीत आणि बोलायला त्याहून. "उम्म रुमाना," तो म्हणायचा, कारण इथे बाईला तिच्या लेकराची उम्म, म्हणजे आई, अशी हाक मारतात आणि शरीफाच्या एकुलत्या एका मुलीचं नाव रुमाना होतं, "हॉस्पिटलने एवढं महागडं यंत्र घेतलंय. त्याच्या पोटावर पाय का देतेस?"

"यंत्र आकडा सांगतं," शरीफा म्हणायची. "त्या आकड्याचं पुढे काय करायचं, ते मलाच बघावं लागतं."

आणि ती बघायची. प्लेटलेट घसरलेल्या पेशंटला मऊ ब्रश द्यायची, सुई काढल्यावर ती जागा इतरांपेक्षा जास्त वेळ दाबून धरायची, त्याला नखं कापू द्यायची नाही. पोटॅशियम चढलेल्या म्हाताऱ्याच्या ताटातून खजूर आणि केळं उचलून घ्यायची आणि मग त्याच्या तिन्ही सुनांची बोलणी खायची. साखर खाली आलेली दिसली की डॉक्टरला फोन करता करताच दुसऱ्या हाताने रसाचा डबा फोडायची. रिपोर्ट वाचून बाजूला ठेवायचा नसतो, त्याचं ताबडतोब काहीतरी व्हायला हवं, हे नव्या मुलींना सांगताना तिचा आवाज चढायचा नाही. तसं करताना त्या तिला रोजच पाहत होत्या.

ती मूळची हर्णैच्या बाजूची. नर्सिंग रत्नागिरीला केलं, काही वर्षं मुंबईत काढली आणि लग्नानंतर कादिरबरोबर जिझानला आली. कादिर इथल्या मासेमारी बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पहिल्या दिवशी बंदरावरचा वास नाकात गेला तेव्हा शरीफा म्हणाली होती, आपण निघालो तरी होतो का? तेच खारं वारं, तीच ओली जाळी, तसेच भावावरून भांडणारे लोक. फक्त भांडण अरबीत. लहानपणी मदरशात ती अरबी पाठ म्हणायची, अर्थ न कळता, बाकीच्या मुलींच्या सुरात सूर मिसळून. इथे आल्यावर एकेका शब्दाला अर्थ चिकटत गेला. आणि वॉर्डातला पहिला शब्द होता दम.

अरबीत दम म्हणजे रक्त. दम काढलं का, दम पाठवलं का, दमाचा रिपोर्ट आला का. सुरुवातीला तिला हसू फुटायचं. तिच्या माणसांच्या बोलण्यात दम म्हणजे छातीत न मावणारा श्वास, जिना चढल्यावर लागतो तो. घरी तर त्यावरून रोजचा विनोद होता. इमारतीची लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असायची. कादिर तिसऱ्या मजल्यावर दारात टेकून म्हणायचा, "दम लागला गं." आतून रुमाना हिंदीत ओरडायची, "मम्मी, पप्पा को कितनी बॉटल चढाऊँ?"

पुढे पुढे हसू गेलं. वॉर्डात पाऊल टाकलं की तिच्या कानात दम म्हणजे रक्तच असायचं आणि घराचा उंबरा ओलांडला की पुन्हा श्वास. दोन शब्द दोन खोल्यांत नीट ठेवलेले. त्यांची कधी गाठ पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

ती पडली केरूमुळे.

केरू खेड तालुक्यातला, पाइप जोडणारा वेल्डर, रिफायनरीच्या बाजूच्या कॅम्पात राहणारा. कंपनीने त्याला काही महिने ताइफला कामाला पाठवलं होतं. तिकडचं काम संपल्यावर सगळ्यांना बसमध्ये भरून परत आणलं. डोंगर उतरून अख्खा दिवस बस किनाऱ्याने धावत होती. केरूने आपली अवजारांची पेटी कोणाच्या हवाली न करता पायांशी ठेवली आणि तिच्यामुळे पाय न हलवता तो जिझानपर्यंत आला. दोन-तीन दिवसांनी त्याला चालताना धाप लागू लागली. कॅम्पातल्या मेसचा स्वयंपाकी ज्ञानेश संगमेश्वरचा. त्याने निदान केलं की हे पित्त आहे, आणि गावाहून आणलेल्या आमसुलांचं दाट सार करून पाजलं. अर्धं पोटात गेलं, अर्धं केरूच्या बनियनवर सांडलं. त्याला उभंही राहवेना, तेव्हा गाडी बोलावली.

इमर्जन्सीत त्याच्यासमोर फहाद होता. केरूला अरबी कामापुरती यायची, तीही लोखंडाच्या कामापुरती. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दम. दम."

फहादने बनियनवरचे लालभडक डाग पाहिले. "दम?" त्याने विचारलं.

केरूने मान डोलावली.

"तोंडातून?" फहादने तोंडाकडे बोट केलं. केरूला वाटलं, श्वास तोंडातूनच ना येणार. त्याने पुन्हा मान डोलावली.

"कतीर?" म्हणजे खूप? हा शब्द केरूला येत होता. "कतीर, कतीर," तो म्हणाला.

फहादने लिहिलं: रक्ताची उलटी, बरीच. तिथल्या डॉक्टरनेही अरबीत तेच विचारलं आणि केरूने तेच उत्तर दिलं. नाडी धावत होती, प्राणवायू कमी भरत होता. रक्त गेलेल्या माणसाचंही असं होऊ शकतं. त्यांनी त्याला उपाशी ठेवलं, सलाईन लावलं, रक्ताच्या पिशव्या राखून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन पोटात दुर्बीण घालायची ठरली. आणि फाइलवर लाल पट्टी चिकटवली: रक्त पातळ करणारं कोणतंही औषध देऊ नये.

सकाळी शरीफा कामावर आली तेव्हा तो कोपऱ्यातल्या खाटेवर तोंडाला मास्क लावून, डोळे मिटून पडला होता. फाइलवर नाव इंग्रजीत कसंतरी लिहिलेलं, आडनावाच्या जागी कंपनीचं नाव. तिने त्याचा अंगठा धरला. दाबला. सोडला. नखाचा रंग जांभळट होता, पण फिका नव्हता. मनात आकडा आला पंधरा. तिने भुवया आवळल्या. एवढं रक्त ओकलेल्या माणसाला पंधरा कुठून असायला? आज आपलं बोट चुकलं, असं तिला वाटलं. त्याने डोळे उघडले. "दम?" तिने विचारलं, वॉर्डात विचारतात तसंच. त्याने मान डोलावली, अगदी आनंदाने म्हणावं अशी. ती पुढच्या खाटेकडे गेली.

टेबलाशी बसून तिने रिपोर्ट उघडला. पंधरा.

रक्त वाहायला लागल्या लागल्या हिमोग्लोबिन पडत नाही हे तिला माहीत होतं. जे उरतं तेही तेवढंच दाट असतं. पण नंतर सलाईन जातं, अंगातलं पाणी सरकतं आणि आकडा खाली येऊ लागतो. याचा आल्या आल्या पंधरा होता, रात्रीही पंधरा आणि पहाटेही पंधरा. तिने युरिया पाहिला. पोटात रक्त साठलं की ते पचतं आणि युरिया वर जातो. याचा युरिया एखाद्या धडधाकट माणसासारखा. शौचाला काळं झाल्याची कुठे नोंद नाही. त्याच्या रक्तात रक्त गेल्याची काहीच खूण नव्हती.

आणि माणूस तर हो म्हणत होता.

ती उठून कोपऱ्यात गेली तोवर दुर्बिणीच्या खोलीतून ढकलगाडी येऊन उभी राहिली होती. गाडीवाला बांगलादेशी, घाईत होता. "यल्ला, सिस्टर. वर थांबलेत सगळे."

"जरा थांब," ती म्हणाली आणि केरूकडे वाकली. वॉर्डात सगळे भारतीय एकमेकांशी ज्या हिंदीत बोलतात त्या हिंदीत तिने विचारलं, "भाई, दम कितना गिरा? एक कप, दो कप?"

केरूने मास्क जरा बाजूला सरकवला. त्याला हा प्रश्न नवा होता. "गिरा नाही, सिस्टर," तो धापा टाकत म्हणाला. "दम लागतो. चार पावलं टाकली का दम लागतो."

मास्क परत बसवायला पुढे केलेला शरीफाचा हात तसाच राहिला.

रक्त पडतं. रक्त येतं, जातं, वाहतं, साकळतं. रक्त कधी लागत नाही. लागतो तो दम.

"कुठला रे तू?" तिने मराठीत विचारलं.

केरूचे डोळे मोठे झाले. "खेडचा. तुम्ही?"

"हर्णै. मग कालपासून मराठीत का नाही बोललास?"

"कोणाशी बोलू ताई? आणि तुम्ही सगळी माझाच शब्द बोलत होता की. मला वाटलं, इथं पण दमाला दमच म्हणतात. बरं वाटलं."

"तोंडातून रक्त पडलं का तुझ्या?"

"रक्त? छे. रक्त कशाला पडेल?"

"आणि बनियनवर होतं ते?"

"सार सांडलं. आमच्या ज्ञानेशने पाजलं, कोकमाचं."

खाटेखाली त्याच्या वस्तूंची प्लास्टिकची पिशवी होती. शरीफाने तिची गाठ सोडली. रक्ताचा डाग रात्रभरात तपकिरी होऊन कडक व्हायला हवा होता. हा अजूनही जांभळा-लाल होता. तिने बनियन नाकाशी नेलं. आमसूल, हिंग आणि थोडा लसूण. तिला एकाच वेळी हसावंसं आणि त्या ज्ञानेशला फटकवावंसं वाटलं.

"पाय बघू," ती म्हणाली आणि चादर दूर केली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड होती. हात लावला तर गरम लागली. "हे कधीपासून?"

"बसमधून उतरलो तेव्हापासून जड वाटतंय. पेटी होती ना पायाशी."

आता तिच्यापुढे सगळं स्पष्ट होतं, आणि जे स्पष्ट होतं ते चांगलं नव्हतं. पायात गुठळी धरली असेल आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला असेल, तर या माणसाला जे एकच औषध हवं होतं तेच लाल पट्टीने अडवून धरलं होतं. वर आधीच अपुरा श्वास घेणाऱ्याला गुंगी द्यायला निघाले होते. पुढची गुठळी कधी सुटेल ते कोणालाच सांगता येत नाही.

"सिस्टर, यल्ला," गाडीवाला पुन्हा म्हणाला.

"खलास," शरीफा म्हणाली. "आज हा जात नाही. वर सांग, मी थांबवलाय." आणि तिने डॉक्टर हातिमना फोन लावला.

डॉक्टर हातिम सुदानचे, उंच, शांत, ऐकून घेणारे. ते आले, तिने सांगितलेलं उभ्या उभ्या ऐकलं. तिच्या भाषेत दम म्हणजे श्वास, हे ऐकल्यावर त्यांनी एकदा केरूकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे हा कालपासून सांगतोय की श्वास पुरत नाही, आणि आम्ही सगळे म्हणतोय, हो, रक्त."

"मीही," शरीफा म्हणाली.

"पण तू म्हणतेस म्हणून मी पट्टी काढली आणि पोटात खरंच जखम निघाली, तर? मग ते औषधच याचा जीव घेईल."

"म्हणून तर रक्त बघा म्हणते. तीन वेळा तोच आकडा. युरिया साधा. ज्याच्या रक्तात एवढी गडबड व्हायला हवी होती त्याचं रक्त तक्रारच करत नाहीये."

डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट स्वतः पाहिले. मग केरूच्या मानेवरची शीर पाहिली, हृदयाचा आलेख काढायला लावला आणि त्यातली एक बारीक खूण तिला दाखवली, जी तिच्या नजरेतून सुटली होती. हृदयाची उजवी बाजू ताणाखाली होती. "गुठळीची एक रक्ततपासणी असते, पण ती वाढलेली आली तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. वेळ घालवायला नको. सरळ स्कॅनला ने. आधी क्रिएटिनिन बघ, स्कॅनचं औषध याच्या किडनीला झेपेल का."

क्रिएटिनिन तिने आधीच पाहून ठेवलं होतं. झेपणार होतं.

स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या दिसल्या. डॉक्टरांनी लाल पट्टी स्वतःच्या हाताने सोलून काढली आणि केरूच्या शिरेत हेपारिनचा थेंब थेंब पंप सुरू झाला. हे रक्त पातळ करणारं औषध. पण त्याचा वेग एकदा ठरवून मोकळं होता येत नाही. ठरावीक वेळाने रक्त काढायचं, ते गोठायला किती वेळ घेतं ते पाहायचं आणि त्या आकड्यावरून पंप कमी-जास्त करायचा. हे काम नर्सचं. शरीफाने ते आपल्याकडे घेतलं.

"सारखं सारखं रक्त काय काढता ताई," केरू म्हणाला. एव्हाना त्याला वाक्य पूर्ण करता येत होतं. "आधी म्हणे गेलं होतं. आता उरलेलं तुम्ही नेताय."

"तू वेल्डिंग करतोस ना? करंट कमी ठेवलास तर काय होतं?"

"जोड धरत नाही."

"आणि जास्त ठेवलास तर?"

"होल पडतो."

"मग समज, मी करंट बघतेय. कमी पडलं तर गुठळी वाढेल. जास्त झालं तर कुठूनतरी रक्त फुटेल. मधल्या मध्ये ठेवायचंय."

केरूने पंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचा हात बसलेला दिसतोय," तो म्हणाला, जसा एक कारागीर दुसऱ्याला म्हणतो. शरीफाला ते डॉक्टरांच्या शाबासकीहून जास्त आवडलं.

फहाद त्या दुपारी वर आला. नेहमीसारखा बोलत आला नाही. खुर्ची ओढून बसला. "मी त्याला तीनदा विचारलं, उम्म रुमाना. तीनदा हो म्हणाला."

"मलाही हो म्हणाला. आणि ती तर माझी भाषा आहे."

"मग आता काय करू?"

"आता पुढचा माणूस आला की बोटाने दाखव. लाल काहीतरी दाखव. आणि एक वाक्य शिकून घे."

त्याने ते शिकून घेतलं. आठवडाभर इमर्जन्सीत येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला तो "दम लाग्तो?" असं विचारत होता. त्यात केरळचा एक ड्रायव्हरही होता. त्याला काहीच कळेना, शेवटी त्याने दमला मोबाइलवर आपल्या भावाशी बोलायला लावलं. म्हणजे फहादला, पण तोवर त्याचं नावच खाली दम पडलं होतं.

घरी कादिरला गोष्ट कळली तेव्हा तो जेवायचा थांबला. "इतकी वर्षं मी दारात उभा राहून दम लागला म्हणून ओरडतोय. तेव्हा कधी धावलीस? त्या वेल्डरचं बरं चटकन कळलं."

"तुला लागतो तो पोटामुळे," शरीफा म्हणाली. "भात कमी घे."

केरू बरा होऊन कॅम्पात परतला तो गोळ्या घेऊन. पंपाचं काम आता त्या गोळीने करायचं होतं, आणि तिलाही रक्ताच्या तपासणीची वेसण होती. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. सुट्टी मंजूर होती, तिकीट निघणार होतं, पण डॉक्टर हातिम म्हणाले, आकडा जागेवर स्थिर झाल्याशिवाय मी याला विमानात बसू देणार नाही. तेव्हा केरू दर आठवड्याला यायचा, रक्त द्यायचा आणि शरीफाच्या टेबलाशी उभा राहून विचारायचा, "पास का नापास?"

पहिल्या वेळी पास झाला. दुसऱ्या वेळी काठावर. तिसऱ्या वेळी आकडा घसरून दीडच्याही खाली गेला होता. म्हणजे रक्त पुन्हा दाट होऊ लागलं होतं आणि पायातली गुठळी अजून पुरती विरघळली नव्हती.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत दुसरेच डॉक्टर होते. त्यांनी आकडा पाहिला आणि गोळीचं प्रमाण वाढवण्यासाठी पेन उचललं.

"दोन मिनिटं द्या मला," शरीफा म्हणाली. आणि केरूला बाजूला घेऊन बसली. "गोळी चुकवलीस?"

"नाही ताई. ज्ञानेश उभा राहून गिळायला लावतो."

"दुसरं काही औषध? काढा, चूर्ण?"

"काही नाही. फक्त चांगलं खातोय. रक्त भरायला."

"रक्त भरायला?"

मग ते बाहेर आलं. कंपनीच्या माणसाने पहिल्या दिवशी हॉस्पिटलातून कॅम्पात फोन करून सांगितलं होतं की केरूचं रक्त गेलंय. नंतर इथे काय उलगडलं ते कॅम्पात कोणी सांगितलंच नाही; केरूलाही वाटलं, तपासण्यांत एवढं रक्त काढलंय, ते भरायलाच हवं. ज्ञानेशला वाईट वाटलं होतं, शिवाय आपलं पित्ताचं निदान फसल्याची टोचणी होती. त्याने केरूचं रक्त भरून काढायचं मनावर घेतलं. बाजारात जरजीरच्या हिरव्यागार जुड्या स्वस्त मिळायच्या. अरब लोक तो तिखटसर पाला जेवताना कच्चाच खातात. ज्ञानेशने तो मुळ्याच्या पाल्यासारखा चिरला, लसणीची फोडणी दिली, वर खोबरं घातलं. केरूला एकट्याला सकाळ-संध्याकाळ ताटभर भाजी.

"चव कशी लागते?" शरीफाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एकदम गावच्यासारखी."

तिने तिथूनच ज्ञानेशला फोन लावला. "ज्ञानेश, मी हॉस्पिटलातून बोलतेय. आधी तू सार पाजलंस तर याला रक्त ओकलेला ठरवला. आता पाला घालून त्याचं औषध मारतोयस. तुझं याच्याशी काही जुनं वैर आहे का?"

पलीकडे भांडी वाजायची थांबली. "ताई, रक्त गेलेल्याला पालेभाजी द्यायची नाही, तर काय द्यायचं?"

"त्याचं रक्त गेलंच नव्हतं. त्याला दम लागला होता."

"दमच ना? मग त्यांनी फोनवर..." ज्ञानेश थांबला. मग हळूच म्हणाला, "अरे देवा."

"ऐक. त्याची गोळी रक्त पातळ करते. हिरवा पाला रक्त गोठायला मदत करतो. दोघांची ओढाताण चाललीय आत."

"मग बंद करून टाकतो. आजपासून पाला नाही."

"ते तर मुळीच करू नकोस. एकदम बंद केलास तर गोळी एकटी जिंकेल. थोडी दे. सगळ्यांना देतोस तेवढी. पण रोज तेवढीच. मन मोठं करायचं नाही आणि लहानही नाही."

"म्हणजे मिठासारखं."

"हां, मिठासारखं."

ती परत डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. त्यांनी अजून लिहिलं नव्हतं. तिने पाल्याचं सांगितलं. गोळी आज वाढवली आणि उद्या ताटभर भाजी बंद झाली, तर याचं रक्त इतकं पातळ होईल की पहिल्या दिवशी जे खोटंच लिहिलं होतं ते खरं होऊन बसेल. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी गोळी तेवढीच ठेवली. आकडा वर येईपर्यंत पायातल्या गुठळीने डोकं वर काढू नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली. ती कशी टोचायची ते शरीफाने केरूला शिकवलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांना न भिणारा केरू त्या बारक्या सुईला भ्याला, पण शिकला.

पुढच्या वेळी आकडा दोनच्या जरा वर आला. इंजेक्शनं थांबली. त्याच्या पुढच्या दोन्ही वेळी अडीच, न हलता. डॉक्टर हातिमनी प्रवासाच्या कागदावर सही केली आणि केरूचं तिकीट निघालं.

निघायच्या आदल्या दिवशी तो शेवटचं रक्त द्यायला आला. दाढी केलेली, नवा शर्ट, हातात काहीच नाही. काही आणायचं नाही, असं तिने आधीच बजावलं होतं. शरीफाने त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, नळी भरली, तिच्यावर त्याचं नाव लिहिलं. सुईच्या जागेवर कापूस दाबून तो तसाच धरून ठेवला. याचं रक्त आता पातळ होतं, त्याला थांबायला वेळ लागणार होता. खिडकीबाहेर दमट ऊन होतं आणि पलीकडच्या रस्त्यावर एक म्हातारा मोगऱ्याचे गजरे विकत बसला होता.

"तिकडे खेडला जाऊन पुन्हा तपासायचं ना?" केरूने विचारलं.

"पोचल्यावर आठवड्यात. आणि मग तिथले डॉक्टर सांगतील तसं. आकडा हाच सांग त्यांना, अडीच. आणि पाल्याचं सांग."

"सांगतो." तो उठला, बाही खाली केली, बटण लावलं. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. "ताई, उपाशीपोटी जायचं का तपासायला?"

शरीफा पुढच्या पेशंटची नळी हातात घेऊन त्यावर नाव लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"नको," ती म्हणाली. "जेवून जा."